गावच्या कबड्डी स्पर्धेची सुरक्षा: आधी काय, नंतर काय आणि सामना थांबवायचा कोणी

कोकणातल्या बहुतेक कबड्डी स्पर्धांच्या पत्रकात तळाला एक ओळ असते: 'खेळाडूला दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.' ही ओळ छापली की आपण सुटलो, असं मंडळांना वाटतं. तसं नसतं. पकडीत गुडघा पिरगळण्याचा धोका खेळाडू स्वतः पत्करून मैदानात उतरतो. उघड्या वायरचा, खचणाऱ्या गॅलरीचा किंवा रुग्णवाहिकेच्या वाटेत लावलेल्या मोटारसायकलींचा धोका त्यानं पत्करलेला नसतो. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते, आणि पत्रकातली ओळ तिथे कामी येत नाही.

दुसरी चूक क्रमाची. पाहुणे, चषक, टी-शर्ट, बॅनर महिनाभर आधी ठरतात आणि प्रथमोपचाराची पेटी स्पर्धेच्या दिवशी दुपारी मेडिकलमधून येते. पेटी आली तरी ती उघडणारा माणूस ठरलेला नसतो. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिले दोन टप्पे सोडून थेट मैदान आखायला घेतलंत, तर पुढची बरीच मेहनत वाया जाते.

हे सगळं रात्रीच्या, प्रकाशझोतातल्या, मातीवरच्या किंवा मॅटवरच्या कबड्डीला धरून लिहिलं आहे. अंडरआर्म क्रिकेट किंवा व्हॉलीबॉल भरवणाऱ्यांनी मैदानाचा आणि खेळाडूंच्या तपासणीचा भाग आपल्या खेळाप्रमाणे बदलावा, बाकीचं तसंच्या तसं लागू आहे.

टप्पा १: जबाबदारी माणसाच्या नावावर टाका (सहा आठवडे आधी)

'मंडळ बघेल' म्हणजे कुणीच बघणार नाही. त्यातून आपल्याकडे मंडळं दोन असतात, एक गावात आणि एक मुंबईत. पैसे मुंबईकरांकडे, मैदान गावकऱ्यांकडे. लायटिंगचं त्यांनी बघितलं असेल असं यांना वाटतं, आणि यांनी बघितलं असेल असं त्यांना.

बैठक घ्या आणि ठरावाच्या वहीत नावं लिहा. मैदान, वीज, गर्दी व पार्किंग, वैद्यकीय मदत, मुलं-मुलींची व्यवस्था, प्रत्येक कामाला एक नाव आणि त्याच्या मागे पर्यायी एक. या सगळ्यांच्या वर एक सुरक्षाप्रमुख. नाव लिहिताना एवढंच विचारा: स्पर्धेच्या सगळ्या रात्री हा माणूस गावात असणार आहे का? चाकरमानी रजा न मिळाल्यानं शुक्रवारी रात्री फोन करून 'येत नाही' म्हणाला, तर त्याचं काम कुणाकडे जाणार?

सुरक्षाप्रमुखाला एक अधिकार लेखी द्या: कोणत्याही क्षणी सामना थांबवण्याचा. चढाई, पकड, बाद-नाबाद हा पंचांचा प्रांत. पण विजेची खांबणी हलते आहे, गॅलरी वाकते आहे, डोंगरापलीकडे गडगडतंय, हे पंचांच्या नजरेत येईलच असं नाही. अंतिम सामना रंगात आलेला असताना आणि व्यासपीठावर आमदार बसलेले असताना 'थांबवा' म्हणायला धाडस लागतं. ते धाडस त्या रात्री अचानक येत नाही, म्हणून अधिकार आधीच देऊन ठेवायचा. संघनायकांच्या सभेत तो वाचून दाखवा, प्रायोजकालाही सांगून ठेवा.

हे काम अध्यक्षांना देऊ नका, ते पाहुण्यांत अडकतात. माईकवाल्यालाही नको. यजमान संघाच्या खेळाडूला तर मुळीच नको. निवृत्त शिक्षक, सुट्टीवर आलेला फौजी, गावातली नर्स, असं कुणी शोधा. त्या रात्री घोटभरही न घेणारा माणूस हवा, हे स्पष्ट बोलायला लाजू नका.

सावधान: नोंदणीकृत मंडळ असलं म्हणजे व्यक्ती सुटल्या असं नाही. गुन्ह्याची चौकशी झाली की प्रश्न माणसांनाच विचारले जातात, आणि वहीत नाव नसेल तर ते सगळ्यांनाच विचारले जातात.

टप्पा २: रुग्णालयापासून मैदानाकडे उलट या (पाच आठवडे आधी)

बहुतेक मंडळं मैदानातून बाहेर विचार करतात: कुणाला लागलं तर १०८ ला फोन करू. उलटं करा. डोक्याला मार लागलेला खेळाडू रात्री साडेअकराला ज्या टेबलावर पोचायला हवा, तिथून सुरुवात करा आणि मागे मागे मैदानापर्यंत या.

१. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र घेऊन प्रत्यक्ष भेटा. रात्री डॉक्टर असतात का? सर्पदंशावरचं इंजेक्शन साठ्यात आहे का? टाके घालता येतात का? हे चारचौघांत फोनवर नाही, समोर बसून विचारा.

२. एक्स-रे कुठे, सीटी स्कॅन कुठे आणि तो रात्री चालू असतो का, हे शोधा. डोक्याच्या गंभीर दुखापतीला सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालयच हवं. सिंधुदुर्गातले रुग्ण अनेकदा बांबोळीला गोव्यात जातात. रत्नागिरीतून कोल्हापूर गाठायचं तर घाट आला. घाटाची त्या आठवड्याची अवस्था विचारून घ्या, नाहीतर दुरुस्तीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन परत फिरावं लागतं.

३. १०८ ची गाडी तुमच्या भागात कुठे उभी असते आणि यायला साधारण किती वेळ लागतो, हे आरोग्य केंद्रातच कळेल. तो वेळ अर्ध्या तासाच्या वर असेल तर भाड्यानं रुग्णवाहिका उभी करा. तेवढे पैसे नसतील तर मागची सीट आडवी होणारी गाडी आणि एक शुद्धीतला चालक रात्रभर राखून ठेवा. बक्षिसाच्या रकमेतून हा खर्च काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं परवडत नसेल तर संघ कमी बोलवा.

४. मैदानात उभं राहून मोबाईलला रेंज आहे का बघा. खाडीकाठच्या आणि खोऱ्यातल्या कितीतरी वाड्यांत एकाच कंपनीची रेंज चालते, तीही शाळेच्या ओट्यावर गेलं तर. ज्या जागी रेंज येते तिथे एक माणूस आणि एक फोन कायम ठेवा.

५. मैदानापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट गाडीनं चालवून बघा, तीही रात्री. पाखाडीतून चार पायऱ्या उतरून जावं लागत असेल तर स्ट्रेचर कोण उचलणार ते ठरवा. शिमग्याच्या दिवसांत स्पर्धा असेल तर पालखी कोणत्या वेळी कोणत्या रस्त्यावर असेल ते मानकऱ्यांना विचारा.

तपासा: मैदानाचा पत्ता बाहेरच्या माणसाला समजेल असा एका कागदावर लिहा: गाव, वाडी, जवळचा फाटा, ओळखीची खूण. त्या कागदाची एक प्रत माईकपाशी, एक फोनवाल्यापाशी. धावपळीत भल्याभल्यांना आपल्या वाडीचा पत्ता सांगता येत नाही.

टप्पा ३: कागदपत्रं (महिनाभर आधी)

जागामालकाची किंवा शाळेची लेखी परवानगी, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, ध्वनिक्षेपकाची परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी, जिल्हा कबड्डी संघटनेकडून पंच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ठरावीक दिवशीच शासन बारापर्यंत सवलत देतं. त्यामुळे पहाटे तीनपर्यंत सामने चालवण्याचा बेत मुळातच चुकीचा. शिवाय रात्री दोन वाजता दमलेल्या, झोप आलेल्या खेळाडूला तिसऱ्या सामन्यात उतरवणं म्हणजे दुखापत ओढवून घेणं. संघ कमी करा नाहीतर एक दिवस वाढवा.

विमा घेताना एजंटला दोन प्रश्न विचारा: स्पर्धेत खेळताना झालेली इजा यात येते का, आणि प्रेक्षकाला झालेली इजा येते का? पुष्कळ अपघात विम्यांमध्ये स्पर्धात्मक खेळ वगळलेला असतो. 'सगळं येतं हो' हे उत्तर धरू नका, पॉलिसीतलं कलम दाखवायला सांगा.

टप्पा ४: मैदान (पंधरा दिवस आधीपासून)

पुरुषांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. पण मोजायची खरी गोष्ट आहे बाहेरची मोकळी जागा. पकड झाली की चार-पाच जणांचा लोंढा रेषेबाहेर जातो. चारही बाजूंना किमान तीन-चार मीटर काहीही नको: खुर्च्या नकोत, गुणफलकाचा लोखंडी स्टँड नको, लाईटची खांबणी नको, प्रायोजकाचा पत्र्याचा फलक तर नकोच. जागा पुरत नसेल तर प्रेक्षक मागे सरकवा.

भात कापलेल्या मळ्यात मैदान करणार असाल तर धसकटं नुसती छाटू नका, मुळासकट काढा. छाटलेलं धसकट तळपायात खिळ्यासारखं घुसतं. त्यावर माती टाकायची ती चाळून. तांबड्या मातीत चिऱ्याच्या कपच्या असतात, आणि शाळेच्या किंवा देवळाच्या मागच्या मातीत हमखास बाटलीच्या काचा. चाळून पसरल्यावर चार पोरांना रांगेत गुडघ्यावर बसवून हातानं माती चाचपत पुढे सरकायला सांगा. ही तपासणी एकदाच नाही, दर संध्याकाळी करायची, कारण रात्री प्रेक्षक मैदानातून चालत गेलेले असतात.

पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर मारा, सामन्यांच्या मध्ये फक्त शिंपडा. सामन्याच्या तोंडावर पाईप सोडला की वर चिखल आणि खाली टणक, असा थर होतो. त्यावर चढाईपटूचा पाय सरकतो आणि गुडघा जातो.

रेषांसाठी कळीचा चुना वापरू नका. कबड्डीत तोंड जमिनीला लागतंच, आणि चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. खडूची पूड वापरा. सुंभाची किंवा पट्टीची रेषा खिळे ठोकून बसवणारेही आहेत. रात्रीत दोन खिळे वर येतात आणि कुणाच्या तरी गुडघ्यात जातात. कुणाच्या डोळ्यात चुना गेलाच तर चोळू न देता स्वच्छ पाण्यानं निदान वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि मग रुग्णालयात न्या.

मॅट टाकायची तर खालची जमीन सपाट हवी. खालचा खड्डा वरून दिसत नाही, घोट्याला मात्र कळतो. सांधे चिकटपट्टीनं बंद करा आणि दर सामन्यानंतर घाम पुसा. मॅटवर बूट हवेत, हे पत्रकातच छापा. मातीवर सराव केलेला वाडीतला संघ अनवाणी येतो आणि पहिल्याच सामन्यात तळव्याची साल घालवून बसतो.

तपासा: सुरक्षाप्रमुखानं अनवाणी पूर्ण क्रीडांगण आणि बाहेरची पट्टी चालून यायची. त्यानं चालून झाल्याशिवाय पहिला सामना सुरू होत नाही.

टप्पा ५: वीज, गॅलरी, मांडव (तीन दिवस आधी उभारणी, रोज तपासणी)

मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांची गॅलरी कोसळून शंभराहून जास्त लोक जखमी झाले. ती राष्ट्रीय स्पर्धा होती. आपल्याकडे तर बांबू, फळ्या आणि ओळखीचा मांडववाला.

माझा सल्ला साधा आहे: गॅलरी उभारूच नका. कोकणात जमीन फुकटात उतार देते. मैदान खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, घ्या आणि लोकांना वरच्या उतारावर बसवा. फक्त गडग्यावर कुणाला बसू देऊ नका. सुका रचलेला गडगा माणसांच्या वजनानं बाहेर फुटतो आणि खालच्या माणसावर चिरे पडतात. शाळेचे पत्रे आणि आंब्याच्या फांद्याही बंद. तिथे आधीच काटेरी झुडूप बांधून ठेवा, माईकवरून ओरडून पोरं खाली उतरत नाहीत.

गॅलरी हवीच असेल तर अभियंत्याकडून लेखी घ्या. उभ्या गर्दीसाठी एका चौरस मीटरला साधारण ५०० किलो भार धरतात. मांडववाल्याला हा आकडा विचारून बघा, त्याच्या चेहऱ्यावरूनच निर्णय होईल. लोक अंतिम सामन्यात एकदम उभे राहतात आणि उड्या मारतात, खरं वजन लोक बसलेले असताना नाही, त्या क्षणी पडतं. वर किती जण हे मोजायला जिन्याशी माणूस ठेवा.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. आकडा टाकायचा नाही, ही गोष्ट अजूनही सांगावी लागते. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) मुख्य बोर्डावर हवाच आणि त्याचं टेस्ट बटण रोज संध्याकाळी दाबून बघायचं. सड्यावर किंवा कातळावर मैदान असेल तर उन्हाळ्यात अर्थिंग नीट लागत नाही, कारण खाली ओल नसते. अशा जागी ईएलसीबीशिवाय दिवा पेटवू नका. मातीवर पाणी शिंपडणारा माणूस आणि जमिनीवर पडलेला वायरचा जोड यांची गाठ कुठे पडते, तेवढं चालून बघा. वायर एकतर डोक्यावरून घ्या नाहीतर पाईपात घालून पुरा.

जनरेटर गर्दीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. शाळेच्या खोलीत ठेवू नका, धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही. चालू किंवा तापलेल्या जनरेटरमध्ये इंधन ओतायचं नाही. शेजारी अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या.

कमान आणि बॅनर हे वाऱ्याचं शीड असतं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वावटळ आली की पहिली कमान पडते. कापडाला भोकं पाडा, चारही बाजूंनी ताण द्या, वारा वाढला तर बॅनर उतरवा. प्रायोजकाला काय वाटेल ते दुसऱ्या दिवशी बघता येईल.

पार्किंग सुक्या गवतात नको आणि अंधारातही नको. फुरसं रात्री हिंडतं आणि कातळात, दगडांच्या राशीत राहतं. लोक लघवीला अंधारातच जातात. दोन दिवे आणि तात्पुरती शौचालयं लावलीत, तर सर्पदंशाचा निम्मा धोका तिथेच टळतो.

तपासा: लाईट गेली तर काय बोलायचं ते निवेदकाला लिहून द्या: 'जागेवरच बसून राहा, दिवे येत आहेत.' माईकला वेगळी बॅटरी हवी, नाहीतर बोलणार कशावर?

टप्पा ६: खेळाडूंची तपासणी (नोंदणीपासून मैदानाच्या दोरीपर्यंत)

नोंदणी अर्जावर नाव आणि आधार क्रमांक यांच्याबरोबर आणखी चार गोष्टी घ्या: घरच्यांचा फोन, रक्तगट, चालू औषधं किंवा आजार (फिट, दमा, हृदयविकार, मधुमेह), आणि मागच्या महिन्यात डोक्याला मार लागला होता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी खरं देत नाही, पण प्रशिक्षकानं सही केली की त्याला विचार करावा लागतो.

मैदानात जाताना दोरीपाशी एक माणूस नखं, अंगठी, कडं, साखळी, गंडादोरा बघतो. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, दागिने नकोत, हे नियमातच आहे. नेलकटर आणि चिकटपट्टी तिथेच ठेवा. गंडा काढायला नकार आला तर वाद न घालता पट्टीनं झाकून घ्या.

वजनी गटाची स्पर्धा असेल तर एक गोष्ट नीट बघा. वजनात बसण्यासाठी पोरं दोन दिवस पाणी तोडतात, जाकीट घालून उन्हात पळतात आणि तसंच सुकलेल्या अंगानं खेळतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. वजन झाल्यावर पहिल्या सामन्यापर्यंत निदान दोन-तीन तास आणि पिण्याचं पाणी द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. एनर्जी ड्रिंकच्या प्रायोजकाचे डबे खेळाडूंच्या बाकावर ठेवू नका. दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन मारून कुणी उतरणार असेल तर त्याला उतरू देऊ नका.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, जाण्या-येण्याची गाडी आणि सोबतचा जबाबदार मोठा माणूस, याशिवाय प्रवेश नाही. मुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि व्यवस्थेत निदान दोन बाया. कुणी मोठा माणूस एकट्या मुलाला किंवा मुलीला मसाज करायला, पट्टी बांधायला बंद खोलीत नेणार नाही, हा नियम पहिल्या सभेतच सांगा. लैंगिक छळाची तक्रार आली तर 'आपण मिटवू' चालत नाही. पॉक्सो कायद्यानं पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

टप्पा ७: सामना चालू असताना कधी थांबवायचं

ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून पंचांच्या टेबलाला चिकटवा, म्हणजे त्या क्षणी चर्चा होत नाही.

गडगडाट ऐकू आला की थांबवा. पाऊस नसला तरी. लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत पाठवा. मांडव, झाड आणि दिव्याची खांबणी यांपासून दूर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या, मधे पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप सुरक्षाप्रमुखाच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

रक्त आलं की खेळाडू बाहेर. रक्त थांबून, जखम झाकून, डागलेली जर्सी बदलूनच परत. पट्टी बांधणाऱ्याच्या हातात हातमोजे.

कुणाचा गळा किंवा तोंड दाबलं गेलं, पायांची कैची घातली, की पंचांनी पहिल्याच वेळी कारवाई करायची. पहिल्यांदा सोडून दिलं की पुढची पकड दुप्पट जोरात येते.

प्रेक्षक रेषेजवळ सरकले की थांबवा. दिवसाचे सामने असतील तर सकाळी अकरा ते दुपारी चार खेळवू नका.

आणि रुग्णवाहिका कुणाला घेऊन गेली तर ती परत येईपर्यंत किंवा दुसरी गाडी उभी राहीपर्यंत पुढचा सामना नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

टप्पा ८: दुखापत झाल्यावर

सर्वांत मोठी चूक ही: खेळाडू पडला की चार जण धावतात, हातापायाला धरून त्याला झोळीसारखं उचलतात आणि बाहेर नेऊन तोंडावर पाणी मारतात. मान दुखावली असेल तर तेवढ्यात कायमचं नुकसान होऊ शकतं. क्रम असा ठेवा.

१. वैद्यकीय जबाबदारी असलेला माणूसच आत जातो. बाकी सगळे, खेळाडूसुद्धा, दोन पावलं मागे.

२. हाक मारा, खांद्याला थोपटा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही, तर हृदय थांबलंय असं धरा. मधूनच उचकीसारखा आचका म्हणजे श्वास नव्हे. कुणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि हातपाय थोडे झटकले, तर लोक 'फिट आली' म्हणतात आणि चप्पल हुंगवायला लागतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मध्यावर दाब द्यायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही. स्पर्धेआधी आरोग्य केंद्राच्या मदतीनं दहा-बारा जणांचं प्रशिक्षण घ्या.

३. शुद्धीत आहे पण मान दुखते, हातापायाला मुंग्या आहेत, बळ नाही: हलवू नका. डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं स्थिर धरा आणि गाडीची वाट बघा. सामना थांबलेला चालेल.

४. डोक्याला मार: क्षणभर शुद्ध हरपली, गोंधळला, गुण किती झाले ते सांगता येईना, तोल जातो, डोकं दुखतं, मळमळतं. यांतलं एकही असेल तर तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. 'मी बरा आहे' हे त्याचं म्हणणं धरायचं नाही, प्रशिक्षकाचं तर नाहीच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, एका बाजूची कमजोरी, एकाचे दोन दिसणं, पेंग वाढत जाणं, यांतलं काही दिसलं तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय. एरवीही त्याला एकटं झोपायला सोडू नका आणि मोटारसायकल चालवत घरी पाठवू नका. पुन्हा खेळणं डॉक्टरनं सांगितल्यावर, पायरीपायरीनं.

५. उष्माघात: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चाल अडखळती. आधी थंड करा, मग न्या. कपडे सैल करा, बादल्यांनी पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत बर्फ, वर पंखा. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

६. सर्पदंश: धीर द्या, अंगठी-कडं काढा, हातपाय फळीनं स्थिर करा, उचलून गाडीत घाला. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, भगताकडे नेणं, साप शोधत बसणं, यांतलं काहीही नाही. लाल विंचवाचा दंशही घरगुती उपायावर सोडू नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत.

७. हाड मोडलं किंवा सांधा निखळला: जागच्या जागी आधार द्या. 'मी बसवतो' म्हणणारा जाणकार प्रत्येक गावात एक असतो, त्याला दूर ठेवा.

सावधान: रुग्णालयात 'गाडीवरून पडला' असं सांगायला कुणाला भाग पाडू नका. डॉक्टरची दिशा चुकते, विमा नाकारला जातो, आणि पुढे पोलिसांत खोटं बोलल्याची भर पडते.

टप्पा ९: त्याच रात्री आणि पुढचे पंधरा दिवस

एक वही ठेवा. किरकोळ खरचटण्यापासून सगळं त्यात: वेळ, नाव, काय झालं, कुणी पाहिलं, काय केलं, कुठे पाठवलं, निर्णय कुणाचा. स्पर्धा संपल्यावर आठवून लिहू नका, आठवणीतली वेळ नेहमी सोयीची निघते. घरच्यांना फोन ठरलेल्या एकाच माणसानं करायचा, तोही गावात व्हिडिओ फिरायच्या आधी. जखमीचे फोटो गटात टाकायचे नाहीत, हे निवेदकाकडून जाहीर करून घ्या.

विमा कंपनीला पॉलिसीत दिलेल्या मुदतीत लेखी कळवा. कमी लागलेल्यांनाही तिसऱ्या दिवशी फोन करा; डोक्याच्या माराची काही लक्षणं उशिरा दिसतात आणि मातीत झालेल्या जखमेसाठी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की नाही हेही विचारायचं असतं.

चाकरमानी परतायच्या आधी, हिशेबाच्या बैठकीतच, वही वाचा. एकाच जागी तीन जण घसरले असतील तर तिथली माती बदलायची, हे पुढच्या वर्षीच्या ठरावात लिहून टाका. वही, संमतीपत्रं, वायरमनचा दाखला आणि विम्याची पॉलिसी एका फायलीत घालून गावातल्या माणसाकडे ठेवा, मुंबईच्या कपाटात नाही. स्ट्रेचर आरोग्य केंद्राकडून आणलेलं असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळीच धुऊन परत करा.